सोंगाच्या गावी नवखा

२९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या लहानशा गावात देशातील पहिले 'आधार' क्रमांक वाटण्यात आले. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी मुद्दाम नंदुरबार जिल्ह्यात आले होते. 'मी कोण' या प्रश्नाचे बारा आकडी सरकारी उत्तर देशाला ज्या तालुक्याने प्रथम दाखवले, त्याच तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावातला तरुण आज पडद्यावर त्याच प्रश्नाचे अगदी वेगळे उत्तर शोधू शकतो. आधार क्रमांक एकच असतो आणि तो बदलत नाही. ऑनलाइन भूमिकाखेळात मात्र माणूस आज पोलिस शिपाई होतो, उद्या टॅक्सीचालक आणि परवा एखाद्या काल्पनिक राज्याचा सरदार. दिवसा केळीच्या बागेत पाणी धरणारा मुलगा रात्री एका कल्पित शहराचा डॉक्टर होऊ शकतो, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. प्रश्न इतकाच आहे की, त्या शहराच्या वेशीवर त्याचे स्वागत होते की त्याला हुसकावून लावले जाते?

ज्यांना या खेळाचा परिचय नाही, त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. नेहमीच्या संगणकीय खेळात जिंकणे-हरणे असते. भूमिकाखेळात, म्हणजे 'रोलप्ले'मध्ये, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे आणि त्या पात्राच्या स्वभावाप्रमाणे, ऐपतीप्रमाणे वागायचे आणि बोलायचे असते. संहिता नसते, दिग्दर्शक नसतो. कथा सर्वांनी मिळून तिथल्या तिथे रचायची. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा अमेरिकेत १९७४ साली आलेला, टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ या प्रकाराचा पूर्वज मानला जातो. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी १९७८ साली 'मड' नावाचे केवळ शब्दांतून उभे राहणारे जग संगणकावर आणले आणि एकाच काल्पनिक जगात अनेकांनी एकाच वेळी वावरण्याची सोय झाली. अलीकडे 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' या २०१३ च्या खेळात बदल करून उभारलेली 'शहरे' लोकप्रिय आहेत. भारतात २०२० नंतर, टाळेबंदीच्या काळात, अशा शहरांतील थेट प्रक्षेपणे यूट्यूबवर मोठ्या प्रमाणावर पाहिली जाऊ लागली आणि प्रेक्षकांपैकी अनेकांना स्वतःच त्या शहरात राहायला जावेसे वाटू लागले.

सोंगाची जुनी ओळख

हे सारे परके आहे असे मानण्याचे कारण नाही. नंदुरबार जिल्ह्याला तर ते मुळीच परके नाही. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. सातपुड्यात होळीच्या दिवसांत बावा, बुध्या, मोरखी अशी रूपे घेऊन माणसे रात्रभर नाचतात. डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरांच्या माळा, अंगावर राखेची नक्षी. हे रूप घेणाऱ्याला काही दिवस 'पालनी' पाळावी लागते. खाटेवर झोपायचे नाही, आचरण शुद्ध ठेवायचे, असे तिचे कडक नियम असतात. रूप घेणे ही थट्टा नसून जबाबदारी आहे, हे त्यात गृहीत आहे.

कोकणातील दशावतारात तर लिखित संवादही नसतात. कथानक ठरलेले असते आणि संवाद नट रंगमंचावर उत्स्फूर्तपणे बोलतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' सादर केले, तेव्हाही सूत्रधार पदे गात असे आणि पात्रे आपापली भाषणे आयत्या वेळी रचीत असत. जव्हार-मोखाड्याकडील बोहाड्यात मुखवटा चढवणारा माणूस त्या रात्रीपुरता देव किंवा दैत्य होतो. थोडक्यात, संहितेशिवाय, एकमेकांच्या बोलण्याचा धागा पकडून कथा पुढे नेण्याची कला मराठी मुलखाला ठाऊक आहे. नवे आहे ते एवढेच की, पूर्वी सोंग घेणारे एकमेकांना ओळखत होते आणि आज ते अनोळखी आहेत.

हा फरक वरवर किरकोळ वाटला तरी सर्व अडचणींचे मूळ त्यातच आहे. गावातील पोरगा पहिल्यांदा रूप घेतो, तेव्हा तो कोणाचा मुलगा आहे हे सर्वांना ठाऊक असते. त्याचे पाऊल चुकले तर शेजारचा वडीलधारा त्याला हाताला धरून रांगेत आणतो. ऑनलाइन शहरात नवखा येतो तो केवळ एक टोपणनाव घेऊन. तो चुकतो तेव्हा तो अजाण आहे की उपद्रवी, हे ओळखण्याचे साधन जुन्यांकडे नसते, आणि संशयाचा फायदा त्याला क्वचितच मिळतो.

उंबरठ्यावरचे अडथळे

समजा, ब्राह्मणपुरीतील एका अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने अशा एखाद्या शहरात प्रवेश करायचे ठरवले. पहिला अडथळा साधनांचा. मोबाइलवर चालणारे खेळ निराळे. या शहरांना बऱ्यापैकी ताकदीचा संगणक, अखंड वीज आणि स्थिर इंटरनेट लागते. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला हे खरे, पण डेटा स्वस्त होणे आणि जोडणी भरवशाची असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ऐन प्रसंगात संपर्क तुटला की समोरच्यांना वाटते, हा पकडला जाण्याच्या भीतीने पळाला. भूमिकाखेळात तो अपराध मानला जातो. वीज गेली, हे कारण शहरातल्या खेळाडूला सबब वाटते. खेड्यात ते रोजचे वास्तव आहे.

दुसरा अडथळा परीक्षेचा. अनेक शहरांत थेट प्रवेश मिळत नाही. आधी अर्ज भरायचा, आपल्या पात्राचे पूर्वचरित्र लिहायचे, मग नियमांवर तोंडी परीक्षा द्यायची. नियमांची यादी लांबलचक असते आणि तिची परिभाषा बाहेरच्याला कळू नये अशीच जणू रचलेली असते. 'मेटागेमिंग' म्हणजे खेळणाऱ्याला बाहेरून कळलेली गोष्ट पात्राला ठाऊक असल्यासारखी वापरणे. 'पॉवरगेमिंग' म्हणजे समोरच्याला प्रतिसादाची संधीच न देता आपल्या मनासारखा परिणाम त्याच्यावर लादणे. या कल्पना मुळात अवघड नाहीत. नाटकात काम केलेल्या कोणालाही त्या दोन मिनिटांत समजतील. पण त्या उदाहरणांनी समजावण्याऐवजी इंग्रजी आद्याक्षरांत बांधून नवख्याच्या पुढ्यात टाकल्या जातात. काही ठिकाणी प्रवेशाच्या रांगेत पुढे सरकण्यासाठी पैसेही मोजावे लागतात. म्हणजे परीक्षा आहे, रांग आहे आणि रांग चुकवण्याची सोयही आहे. आपल्या सरकारी कार्यालयांचे गुण या कल्पित शहरांनी इतक्या लवकर उचलावेत, याची गंमत वाटते.

तिसरा अडथळा भाषेचा, आणि तो सर्वांत बोचरा आहे. भारतीय शहरांचा कारभार मुख्यतः हिंदीत आणि इंग्रजीत चालतो. शहादा परिसरात घराघरांत अहिराणी, गुजरी, भिली, पावरी बोलली जाते. शाळेत मराठी, बाजारात हिंदी. लेखी खेळात उच्चार झाकले जातात, पण आवाजी खेळात तोंड उघडताच गाव कळते. हेल ऐकून नक्कल करणे, नाव विचारून हसणे, हे प्रकार घडतात तेव्हा अपमान पात्राचा होत नाही, माणसाचा होतो. ज्या नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे, तिथल्या तरुणाला हा अनुभव महाविद्यालयाच्या वसतिगृहात आणि नोकरीच्या मुलाखतीत येतोच. विरंगुळ्यासाठी गेलेल्या जागीही तो यावा, ही खरी शोकांतिका. मुलींच्या बाबतीत आवाज हाच धोका ठरतो. आवाजावरून मुलगी आहे हे कळताच होणारी शेरेबाजी, पाठलाग आणि पात्राच्या आडून केलेली लगट यांमुळे अनेकजणी मुळात बोलतच नाहीत, किंवा लवकरच खेळ सोडतात.

शिस्त की स्वागत?

जुन्या खेळाडूंची बाजूही समजून घेतली पाहिजे. भूमिकाखेळ ही नाजूक वस्तू आहे. चाळीस माणसांनी महिनाभर जपलेले कथानक एका वात्रट नवख्याच्या बेछूट गोळीबाराने पाच मिनिटांत उद्ध्वस्त होते. व्यवस्था पाहणारे बहुतेक स्वयंसेवक असतात. अभ्यास, नोकरी सांभाळून रात्री तक्रारी निवारणाऱ्या या मंडळींनी दार आवळून धरले तर त्यांना सरसकट दोष देता येणार नाही. नवख्यांच्या लोंढ्यात जुनी संस्कृती वाहून जाते, हा इतिहास आहे. इंटरनेटच्या आरंभीच्या काळात 'यूजनेट'वर दर सप्टेंबरमध्ये विद्यापीठांचे नवे विद्यार्थी येत आणि महिन्याभरात तिथल्या रीतिभाती शिकत. १९९३-९४ च्या सुमारास व्यापारी कंपन्यांनी आपल्या लक्षावधी ग्राहकांना हे दार उघडून दिले आणि नवख्यांचा तो सप्टेंबर कधी संपलाच नाही. जुने लोक आजही त्या काळाला 'कधी न संपणारा सप्टेंबर' म्हणतात.

नियम नसले तर काय होते, याचाही दाखला आहे. 'लॅम्डामू' या १९९० साली सुरू झालेल्या शब्दमय जगात १९९३ साली एका पात्राने तांत्रिक क्लृप्ती वापरून इतर पात्रांकडून, त्यांच्या इच्छेविरुद्ध, लैंगिक अत्याचाराची दृश्ये वदवली. पत्रकार ज्युलियन डिबेल यांनी त्यावर लिहिलेला लेख गाजला. ज्यांच्या पात्रांवर हे ओढवले, त्यांना झालेला मनस्ताप काल्पनिक नव्हता. रहिवाशांनी दीर्घ चर्चा केली, एका व्यवस्थापकाने अखेर ते खाते बंद केले आणि त्यानंतर संस्थापक पावेल कर्टिस यांनी रहिवाशांना अर्ज आणि मतदानाद्वारे नियम ठरवण्याची सोय करून दिली. अनोळखी माणसांचे गाव नियमांविना नांदत नाही, हा त्यातला धडा. मात्र ते नियम राहणाऱ्यांनी चर्चेतून घडवलेले होते, हाही त्याच धड्याचा दुसरा भाग आहे.

दार फार आवळले तर गावच ओस पडते, हे दाखवणारे उदाहरण विकिपीडियाचे आहे. तो भूमिकाखेळ नव्हे, पण स्वयंसेवकांचा ऑनलाइन समुदाय आहेच. इंग्रजी विकिपीडियावरील सक्रिय संपादकांची संख्या २००७ नंतर घटू लागली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्याचे एक प्रमुख कारण दाखवले. दर्जा राखण्यासाठी आणलेली स्वयंचलित साधने आणि ताठर नियम यांमुळे सद्हेतूने आलेल्या नवख्यांचे पहिलेच लेखन उडवले जात होते, आणि ते पुन्हा फिरकत नव्हते. त्यावर उपाय म्हणून २०१२ मध्ये तिथे 'टीहाउस' नावाची जागा सुरू करण्यात आली होती. नवख्याने कितीही साधा प्रश्न विचारावा, अनुभवी यजमानाने न रागावता उत्तर द्यावे, एवढाच तिचा साधा नियम.

'मड'चे जनक बार्टल यांनी १९९६ साली खेळाडूंचे चार प्रकार सांगितले होते. काही मिळवण्यासाठी येतात, काही शोधण्यासाठी, काही मिसळण्यासाठी आणि काही इतरांवर कुरघोडी करण्यासाठी. कुरघोडी करणारे वाढले की मिसळायला आलेले आधी निघून जातात, हे त्यांचे निरीक्षण आजही पटते. नवख्याचा पहिला बळी घेण्यात ज्यांना मौज वाटते, ते एकटे नवख्याचे नुकसान करीत नाहीत, ते गावाचे उद्याचे रहिवासी घालवतात. जुने खेळाडू नोकरीला लागतात, लग्न करतात, खेळ सोडतात. त्यांच्या जागी कोणी आले नाही, तर उरते ते सुसज्ज पण निर्मनुष्य शहर.

कायदा कुठपर्यंत?

या पार्श्वभूमीवर कायद्याकडे पाहणे उचित ठरेल. ऑनलाइन गेमिंगच्या प्रोत्साहन व नियमनाचा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. त्या कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तर ई-स्पोर्ट्स आणि मनोरंजनासाठीचे 'सामाजिक खेळ' यांना प्रोत्साहनाच्या बाजूला ठेवले. भूमिकाखेळ सामान्यतः या दुसऱ्या वर्गात बसतात. वर्गणी किंवा प्रवेशशुल्क घेण्यास त्यात मुभा आहे, मात्र ते पणाचे स्वरूप घेता कामा नये. विदासंरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे ठरले. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याचे बंधन त्यात आहे.

ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु कायदा जुगार रोखू शकतो, मुलांच्या माहितीला कुंपण घालू शकतो. नवख्याच्या बोलीला हसू नये, हे कायदा सांगू शकत नाही. शिवाय संमतीची बंधने मोठ्या कंपन्यांना पेलतील. चार मित्रांनी चालवलेल्या लहान शहराला ती पेलणे अवघड आहे, आणि म्हणून मुले वय लपवून शिरण्याची शक्यता अधिक. पालकांनाच या खेळाची तोंडओळख नसेल तर त्यांची संमती ही आणखी एक औपचारिकता होऊन बसेल. तेव्हा मूळ काम समुदायांनाच करावे लागणार.

पालनीचा धडा

त्यासाठी फार दूर जायला नको. सातपुड्याच्या होळीत नियम सैल नाहीत. उलट ते ऑनलाइन शहरांपेक्षा कडक आहेत. पण ते दारावर परीक्षा घेऊन तपासले जात नाहीत, सोबतीने शिकवले जातात. नवखा जुन्याच्या शेजारी नाचतो, त्याची पावले पाहतो आणि चुकत-चुकत शिकतो. शिस्त आणि स्वागत यांत निवड करावी लागते हा समजच मुळात चुकीचा आहे. निवड करायची असते ती शिस्त लावण्याच्या दोन पद्धतींमध्ये.

त्या दृष्टीने काही गोष्टी सहज करता येतील. पहिली, प्रत्येक नवख्याला पहिल्या आठवड्यापुरता एक सोबती द्यावा, आणि या सोबत्याच्या कामाला व्यवस्थापकाच्या कामाइतकाच मान असावा. दुसरी, नियमांची यादी दोन भागांत करावी. पहिल्या दिवशी जाणलेच पाहिजेत असे पाच-सात नियम उदाहरणांसह, सोप्या मराठीत किंवा हिंदीत, आणि बाकीचे पुढे यथावकाश. तिसरी, नवख्यांना सुरुवातीला अशा भूमिका द्याव्यात ज्यांत बोलणे भरपूर आणि नुकसान करण्याची संधी कमी. चहावाला, बसवाहक, वार्ताहर अशी पात्रे शहराला जिवंत करतात आणि नवख्याला चार माणसे भेटवतात. दशावतारी मंडळीतही नवा नट पहिल्याच रात्री मुख्य राजा होत नाही. चौथी, पहिल्या चुकीला शिक्षेऐवजी समज द्यावी आणि नियम मोडणे व नियम माहीत नसणे यांत भेद करावा. संपर्क तुटण्याला तर अपराधांच्या यादीतून आरंभीच वगळावे. पाचवी, बोली, जात, धर्म आणि लिंग यांवरून केलेली टिंगल 'पात्रानेच तर केली' या सबबीखाली खपवून घेऊ नये. पात्राला दुष्ट होण्याचे स्वातंत्र्य आहे, खेळणाऱ्याला समोरच्या माणसाला दुखावण्याचे नाही. समोरच्याने 'थांबा' म्हटले की प्रसंग तिथेच थांबला पाहिजे.

यावर एक आक्षेप संभवतो. मनोरंजनासाठी चालणाऱ्या गोष्टीवर एवढी उस्तवार कशाला? त्याचे उत्तर असे की, ज्या तरुणाला गावात वाचनालय नाही, नाट्यमंडळ नाही आणि बोलायला समवयस्क मोजकेच आहेत, त्याच्यासाठी अनोळखी माणसांत मिसळण्याची, वाटाघाटी करण्याची, दुसऱ्याच्या भूमिकेत शिरून पाहण्याची ही एक शाळाच असते. त्या शाळेतून पहिल्या दिवशी हाकलला गेलेला मुलगा खेळ सोडत नाही. तो अशा जागी जातो जिथे प्रवेशाला अट नाही आणि जिथे डाव पैशांवर चालतो. स्वागताचा प्रश्न म्हणूनच केवळ सौजन्याचा राहत नाही.

परंपरेचे गोडवे गाताना तिची बंद दारेही विसरून चालणार नाही. बोहाड्यात सोंगे बहुधा घराण्यांकडे वाटलेली असत. दशावतारात स्त्रीपात्रे पिढ्यानपिढ्या पुरुषांनीच रंगवली. रूप कोणी घ्यायचे हे जन्मावरून ठरत होते. ऑनलाइन शहराने हे बंधन तोडले, हे त्याचे मोठेपण आहे. तिथे ब्राह्मणपुरीची एखादी मुलगी न्यायाधीश होऊ शकते आणि तिला तिचे कूळ कोणी विचारण्याचे कारण नाही. जुन्या गावाकडे आपुलकी होती पण दार अरुंद होते. नव्या शहराचे दार रुंद आहे, पण उंबरठ्यावर कोणी 'या, बसा' म्हणणारे नाही. एकाचा गुण दुसऱ्याला जोडणे अशक्य नाही.

टेंभलीत क्रमांक मिळाला तेव्हा नागरिकाला यंत्रासमोर बोटांचे ठसे द्यावे लागले होते. कल्पनेच्या शहरात शिरताना ठसे लागत नाहीत. तिथे लागतो तो हात धरणारा एखादा जुना रहिवासी. तो आपण व्हायचे की नाही, हे त्या शहरात आधीपासून राहणाऱ्यांनी ठरवायचे आहे.